दुसऱ्या ओळीनंतरची शांतता

मास्तर हसले, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

तसं ते हसणं फार मोठं नव्हतं, नाकातून सुटलेला एक फुसका आवाज. पण तो सुटला प्रार्थनेच्या मध्येच, दुसऱ्या ओळीनंतरच्या शांततेत, आणि त्या शांततेत या घरात सत्तावन्न वर्षांत कुणी साधं शिंकलंही नव्हतं.

दुपारी बाराला लॉन्ड्रीचं शटर अर्धं ओढून सगळे रोज वरच्या खोलीत उभे राहतात, तसेच आजही उभे होते. पायात चपला. रस्त्याकडची खिडकी बंद. तोंडातून आवाज नाही, नुसते ओठ हलवायचे. मागच्या लोखंडी जिन्याच्या दाराला चिकटून पिटू, वय वर्षं नऊ, कारण घरातल्या सगळ्यांत लहान माणसाने तिथेच उभं राहायचं असा नियम. तिच्यामागे बायका, आणि दुकानातून वर येणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी पुरुष. दोन ओळी झाल्या की माना खाली घालायच्या आणि पंधरा श्वास होईपर्यंत अगदी गप्प राहायचं. मग उरलेल्या चार ओळी उरकायच्या, की शटर वर आणि पुन्हा इस्त्रीची वाफ.

धाकटीने मान न हलवता मास्तरांकडे पाहिलं. दहा वर्षांपूर्वी ती सून म्हणून या घरात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिलाही असंच हसू फुटलं होतं. माहेरी हा धर्म नव्हता, ही भाषा नव्हती. तेव्हा तिने गाल आतून चावून हसू गिळलं होतं. आज आणखी कुणालातरी हसू आलं म्हणून तिला आधी बरं वाटलं आणि मग सासूबाईंचा चेहरा दिसला, तेव्हा ते बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं.

मास्तर म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचे चिरंजीव. मूळ गावी, सासूबाईंच्या माहेरी, ते पोरांना प्रार्थना शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. पुलापलीकडे नवं प्रार्थनाघर उघडलं होतं, त्याची घडी बसवून द्यायला ते चार दिवसांपूर्वी आले होते आणि मावशीच्याच घरी उतरले होते. माणूस सज्जन, पण शिकवायची सवय हाडात मुरलेली. प्रार्थना संपल्यावर त्यांनी खिशातून वही काढली.

"मावशी, रागावू नकोस. पण चार दिवस बघतोय. सहा गोष्टी टिपल्यात मी. यातली एकही उपासनेत नाही."

"कुठल्या?" सासूबाईंनी विचारलं.

"चपला काढायच्या असतात. खाली बसायचं असतं. खिडक्या उघड्या ठेवायच्या, देवाला घर दिसलं पाहिजे. ही उभं राहायची रांग कुठून आली? ती मध्येच गप्प बसायची भानगड काय? आणि ओठ कसले हलवता? अगं, ते गाणं आहे."

"गाणं आहे?" पिटू म्हणाली.

मास्तरांनी वही मिटली, उठून खिडकी उघडली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मांडी घालून गायला सुरुवात केली.

काय सांगावं. दहा वर्षं जे शब्द धाकटीने अर्थ न कळता नुसते ओठांवरून ढकलले होते, ते शब्द एकदम उठून चालायला लागले. दुसऱ्या ओळीवरून मास्तर न थांबता सरळ तिसरीत शिरले, तिथे चाल वर चढत होती, आणि चौथीला पिटू त्यांच्या आवाजात मिसळली. पोरीचा गळा गोड. दिवसभर ती न्हाणीघरात, अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या आडून गात असायची, पण घरच्या देवापुढे तिला कुणी तोंड उघडू दिलं नव्हतं. धाकटीचे डोळे भरून आले. तिने नवऱ्याला कितीदा तरी सुनावलं होतं, तुमचा देव बहिरा आहे का तुम्ही मुके आहात, माझ्या मुलीला हे असलं पुटपुटणं शिकवायचं नाही म्हणून.

सासूबाई उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. खिडकी त्यांनी लोटली, पण कडी बसेना.

"बास झालं," त्या म्हणाल्या.

"आई, अगं ते चांगलं गातायत," भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे थोरले दीर. लॉन्ड्री त्यांच्या शब्दावर चालायची आणि ते गावाच्या शब्दावर. "चार वाजता आठ कुटुंबं येणार आहेत इथे. पहिल्यांदाच बोलावलंय आपण कुणाला. त्यांच्यासमोर चपला घालून भुतासारखे उभे राहिलो तर तोंड दाखवायला जागा राहील का? मास्तर सांगतात तसंच होईल. पिटू पुढे बसून म्हणेल, खिडकी उघडी ठेवून."

जाऊबाईंनी लगेच मान डोलावली. त्या आठांतल्या एका घरात त्यांच्या शिकायला बाहेरगावी असलेल्या मुलीचं लग्न जमत आलं होतं, त्यामुळे गेले पंधरा दिवस त्या सगळ्यालाच मान डोलावत होत्या.

"माझ्या सासूबाईंनी शिकवलं तसंच होईल," सासूबाई म्हणाल्या.

"आणि त्यांना कुणी शिकवलं होतं, मावशी?" मास्तरांनी मवाळपणे विचारलं.

 सासूबाईंनी धाकट्या मुलाकडे पाहिलं. धाकटीचा नवरा स्वभावाने असा, की दोन्ही बाजूंनी ओढलं तर मधोमध फाटेल पण बोलणार नाही. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं. दोघींचं कधी पटलं नव्हतं, तरी पाहिलं.

"मला मास्तरांचं बरोबर वाटतं," धाकटी म्हणाली.

म्हणाली खरी, पण जिना उतरतानाच पस्तावली. कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी वरच्या खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ती सांगायची सोडून ती गाण्याला भुलली होती.

लॉन्ड्रीचा धंदा म्हणजे लोकांची घाण आपल्या हाताने काढायची आणि आपलं तोंड बंद ठेवायचं. कपडे आले की धाकटी मागच्या टेबलावर ते निवडायची. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, लोकरीचे वेगळे. प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. आणि प्रत्येक खिसा उलटा करायचा. खिशात सापडेल ते पाकिटात घालायचं, पाकिटावर तोच नंबर टाकायचा आणि कपड्यासोबत टाचून परत द्यायचं. नियम एकच, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा: खिशातलं वाचायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात एक शर्ट आला होता, राखाडी, डाव्या बाहीवर काळी पट्टी शिवलेला. कुठल्या तरी गोदामाचा गणवेश असेल असं तिला वाटलं. मग तसे दोन आले, मग सात. रस्त्यावर अजून कुणाच्या अंगावर ते दिसत नव्हते, पण धाकटीच्या टेबलावर दिसत होते. शेवटी गावात काय शिजतंय ते आधी लॉन्ड्रीला कळतं. या आठवड्यात एकाच वेळी एकतीस आले. आणि मंगळवारी त्याच पट्टीचा एक सुटा शर्ट वेगळा आला, त्याच्या खिशात घडी घातलेला कागद होता, आणि धाकटीने तो वाचला.

नऊ घरांचे पत्ते होते. या घरांत कपडे पोचवायला ती स्वतः जायची, म्हणून दुसऱ्या कुणाला जे उमगलं नसतं ते तिला पहिल्या नजरेत उमगलं. नऊही घरं नव्या प्रार्थनाघरात नाव नोंदवलेली होती. तिसरा पत्ता लॉन्ड्रीचा होता.

तिने कागद होता तसा घडी करून पाकिटात ठेवला, पाकीट गल्ल्याखालच्या खणात ठेवलं, आणि तीन दिवस ताकास तूर लागू दिली नाही. सांगायचं तर आधी वाचलं हे सांगावं लागणार. शिवाय ती बाहेरची. बाहेरून आलेल्या सुनेने आमच्या धर्माच्या पहिल्याच चांगल्या दिवशी अपशकुन केला, असं म्हणायला जाऊबाई टपलेल्याच होत्या. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच ते खोटं ठरायला हवं होतं.

पण चार वाजता पिटू उघड्या खिडकीत बसून गाणार होती.

नवरा बॉयलरपाशी वाफेचा काटा बघत होता. धाकटीने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"तू तीन दिवस बोलली नाहीस?"

"तू बोलला असतास?"

त्याने हात फडक्याला पुसले. "कागद दाखव. कागद असल्याशिवाय दादा ऐकणार नाही."

धाकटीने गल्ल्याखालचा खण उघडला. बटणं होती, सुटे हुक होते, कुणाचा तरी चष्मा होता. पाकीट नव्हतं. तिने सगळा खण टेबलावर पालथा केला, तरी नव्हतं.

दीड वाजता सगळे इस्त्रीच्या खोलीत जमले. पिटूला अंगणात पिटाळलं. धाकटी बोलत असताना भाऊजी हातातली इस्त्री खाली ठेवायलाही विसरले. तिचं झाल्यावर ते तिच्याशी न बोलता भावाशी बोलले. घरातली ही जुनी रीत, राग सुनेचा असला तरी वाट भावाच्या कानातून.

"हिला सांग, या दुकानात लोकांच्या खिशातलं वाचत नाहीत."

"दादा, ते ठीक आहे, पण..."

"काय ठीक आहे? पत्त्यांचा कागद कुणाकडेही असू शकतो. पोस्टमनकडे असतो. प्रार्थनाघराच्या फलकावर मागच्याच आठवड्यात आपले पत्ते लागलेत, कुणी उतरवून घेतले असतील. वर्गणीला येणार असतील. दुधाने एकाचं तोंड पोळलं म्हणून सगळ्या घराने ताक फुंकायचं का?"

"वर्गणीला येणारे बाहीवर पट्टी लावत नाहीत," धाकटी म्हणाली.

"मग चौकीत जाऊ. पोलीस कशासाठी आहेत?"

नवऱ्याने घसा खाकरला. त्याला इतक्या लोकांसमोर बोलताना धाकटीने फार क्वचित पाहिलं होतं. "दादा, चौकीतल्या जमादाराचं बोचकं मीच आणतो दर सोमवारी. या वेळच्या बोचक्यात खाकीच्या खाली तसाच एक शर्ट होता. मला वाटलं, चुकून आला असेल. मी तो एकतिसात धरला नव्हता."

 बाहेर अंगणात पिटू गात होती, मघाचीच चाल, शब्दांचा गोंधळ घालून.

"तिला गप्प करा जरा," सासूबाई म्हणाल्या. पण कुणी उठलं नाही.

"आणि कागद आहे कुठे?" भाऊजींनी विचारलं, आता पहिल्यांदाच थेट धाकटीला. "तू पाहिलास तो कागद आण. मी आत्ता फाडून चुलीत घालतो."

"खणात ठेवला होता. नाहीये."

तेव्हा जाऊबाई बसल्या जागी हळूच म्हणाल्या, "तो मी दिला."

"कुणाला दिला?"

"ज्याचा शर्ट त्याला. सकाळी आला होता न्यायला." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली होती. "हँगरला पाकीट टाचलेलं दिसेना, म्हणून मी खण शोधला. नंबर जुळत होता. मी म्हटलं, ही आजकाल विसरते, आपणच देऊन टाकावं. त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, साहेब, हे तुमच्या खिशात होतं, तीन दिवस जपून ठेवलंय."

"हात दाखवून अवलक्षण," भाऊजी पुटपुटले आणि इस्त्री खाली ठेवून मटकन स्टुलावर बसले.

"मला काय ठाऊक? तुमचाच नियम ना, सापडेल ते परत द्यायचं?"

"तो काय म्हणाला, ताई?" धाकटीने विचारलं.

"पाकीट उघडून बघितलंन. मग माझ्याकडे बघितलंन, हसला. म्हणाला, वाचलंत का? मी म्हटलं, आम्ही वाचत नाही हो." जाऊबाईंचा आवाज फुटला. "म्हणाला, तेच बरं. बाकीचे एकतीस तयार ठेवा, पाच वाजता गाडी पाठवतो, आम्हाला आज रात्री लागणार आहेत. जाताना मान वर करून आपल्या खिडकीकडे बघत होता. मला वाटलं, इमारत बघतोय."

धाकटीने जाऊबाईंचा हात धरला. दहा वर्षांत पहिल्यांदा. हात बर्फासारखा गार होता, आणि जाऊबाईंनी तो सोडवून घेतला नाही. मघा मुलीच्या लग्नासाठी ज्यांची मान सगळ्याला डोलत होती, त्याच आता म्हणाल्या, "त्या लोकांना येऊ नका म्हणून सांगा. लग्न राहिलं तरी चालेल."

 भाऊजी हट्टी असले तरी मूर्ख नव्हते. तरीही त्यांनी शेवटचा प्रयत्न केला, आणि तो करताना ते आईकडे पाहत नव्हते.

"म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा खिडकी बंद, पुन्हा मुक्याने ओठ हलवायचे. मी सत्तावन्न वर्षांचा झालो, आई. एकदा तरी माणसासारखं बसून देवाचं नाव घ्यावं म्हणतो. मास्तर म्हणतात यातलं काही देवाने सांगितलेलंच नाही. मग सांगितलं कुणी?"

सासूबाई इतका वेळ पांढऱ्या चादरींच्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

"मी त्या चालीवर वाढले आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी, तुझ्या आईच्या घरी रे मास्तर, आम्ही दोघी बहिणी तीच चाल गायचो. लग्न होऊन मी यांच्या गावी आले, मूळ गावापासून दोन दिवसांच्या अंतरावर. तिथेही तसंच होतं. मांडी घालून बसायचं, चपला खाली जिन्यापाशी, खिडक्या उघड्या. सासरे इतके मोठ्याने गायचे की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. लोक म्हणायचे, काय सुंदर गातात."

"आई, हे तू कधी सांगितलं नाहीस," धाकटीचा नवरा म्हणाला.

"नाही सांगितलं. तुझा दादा तेव्हा तीन महिन्यांचा होता. ऐन प्रार्थनेत रडायला लागला, म्हणून मी त्याला घेऊन मागच्या दाराने परसात गेले. सासूबाई माझ्यामागे आल्या, मला बोलायला. प्रार्थनेतून उठतात का, म्हणून. आम्ही दोघी परसात भांडत होतो. वर गाणं चालू होतं. पाच माणसं होती वर. सासरे, माझे दोन दीर, नणंद आणि तिची मुलगी. तुमचे वडील कामावर गेले होते." त्यांनी चादरीची नीट असलेली घडी पुन्हा नीट केली. "माणसं जिन्यावरून चढून वर गेली, ते गाण्यात कुणालाच ऐकू आलं नाही. आम्हालाही नाही. गाणं थांबलं तेव्हा कळलं. मग दाराला बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला, आणि मग धूर."

मास्तरांची वही त्यांच्या मांडीवर उघडीच होती. "माझी आई सांगायची, तुमच्या घराला आग लागली होती."

"मीच कळवलं होतं तसं. खोटं नव्हतं ते."

"आणि हे सगळं," भाऊजींनी वर बोट दाखवलं, "हे आजीने ठरवलं?"

"वाटेत ठरवलं. इथे येईपर्यंत एकवीस दिवस चालत होतो. चपला पायात, म्हणजे पळता येईल. लहान पोर मागच्या दाराशी, म्हणजे ते आधी बाहेर पडेल. आवाज करायचा नाही. आणि दोन ओळी झाल्या की गप्प राहून जिना ऐकायचा. पंधरा श्वास. तेवढ्यात खालचं माणूस वर पोचतं, त्यांनी मोजलं होतं."

 दहा वर्षं त्या शांततेत धाकटी बॉयलरची घरघर, रस्त्यावरची गाडी, शटरखालून शिरणारं मांजर ऐकत आली होती आणि मनात म्हणत आली होती की माझं लक्ष देवाकडे नाही, मी पापी आहे. आणि त्या खोलीत तिच्याइतकी नीट प्रार्थना दुसरं कुणी करतच नव्हतं.

"मग हे सांगायचं होतं ना आम्हाला," नवरा म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "आम्ही लहानपणी किती मार खाल्ला त्या शांततेत हसलो म्हणून. भीतीने करतोय असं सांगितलं असतं तर समजलो असतो."

"समजला असतास आणि दोन वर्षांत सोडून दिलं असतंस," सासूबाई म्हणाल्या. "मीसुद्धा म्हटलं होतं सासूबाईंना, की पोरांना खरं सांगू. त्या म्हणाल्या, भीती कुणी नातवंडांपर्यंत सांभाळत नाही. जरा बरे दिवस आले की खिडकी उघडतात. देवाने सांगितलंय म्हण, मग सांभाळतील. आणि सांभाळलंतच की तुम्ही. आज बारा वाजेपर्यंत."

 भाऊजी उठले. आठ कुटुंबांना फोन करायला ते गल्ल्यापाशी गेले, आणि प्रत्येक फोनवर ते एकच वाक्य बोलले, घरात आजारपण आलंय, आज नको, आणि खरं सांगायचं तर तुम्हीही आज घरी नका थांबू, पाहुण्यांकडे जा कुठेतरी. पाचव्या घरी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. सातव्या घरचा माणूस हसला. पुन्हा पुन्हा सांगूनही हसतच राहिला, तेव्हा भाऊजींनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्या फोनवर हात ठेवून उभे राहिले.

नवऱ्याने आणि जाऊबाईंनी दोन पिशव्या भरल्या. गाडी येऊन एकतीस शर्ट घेऊन जाईपर्यंत दुकान उघडं ठेवायचं, नाहीतर संशय येईल, आणि गाडी वळणापलीकडे गेली की मागच्या जिन्याने निघायचं, धाकटीच्या माहेरी, असं ठरलं. माहेर या धर्माचं नव्हतं म्हणून तिथे कुणी शोधणार नव्हतं. या लग्नाचा सासूबाईंना दहा वर्षं सल होता. आज त्याच म्हणाल्या, "बरं झालं तू तिथली आहेस."

धाकटी शर्टांना इस्त्री करत राहिली. कॉलर, खांदा, बाही. पट्टीवरून इस्त्री फिरवताना तिचा हात दर वेळी थांबायचा, आणि मग फिरायचा.

मास्तर तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी वहीतलं पान फाडलं, ज्याच्यावर सहा चुका लिहिल्या होत्या, आणि त्याच्या पाठीमागे ते काहीतरी लिहू लागले. मग थांबले.

"मावशी," ते म्हणाले, "गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या दारांवर खडूच्या खुणा सापडल्या. आईने मला दाखवल्या. मी म्हटलं, पोरांचा खोडसाळपणा आहे. ओल्या फडक्याने पुसून टाकल्या." त्यांनी पान मांडीवर सपाट केलं. "माझ्याकडे चाळीस पोरं येतात शिकायला. खिडक्या उघड्या असतात."

सासूबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. हा भाचा चार दिवस त्यांच्या चुका काढत होता, आणि त्यांनी त्याच्या केसांतून असा हात फिरवला की जणू तो नऊ वर्षांचा होता.

"लिही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत लहान पोर मागच्या दाराशी."

पाहुणे येणार नव्हते, तरी ठरल्या वेळी, चार वाजता, ते सगळे वर गेले. शटर अर्धं खाली होतं. खिडकीची कडी आता भाऊजींनी स्वतः लावली आणि दोनदा ओढून पाहिली. मास्तर चपला घालून पुरुषांच्या रांगेत उभे राहिले. त्यांना ओठ हलवणं जमेना, चाल आपोआप घशातून वर यायची, तेव्हा त्यांनी हाताने तोंड दाबून धरलं.

पिटू रुसली होती. दुपारी तिला सांगितलं होतं की तू गाणार आहेस, आता सांगत होते की नाही. तिने धाकटीचा हात झटकला, आणि मग पुन्हा धरला.

दोन ओळी झाल्या. माना खाली गेल्या.

खाली बॉयलर थंड होताना टकटक वाजत होता. दूर पुलाकडून कसलासा गलका येत होता, नेहमीचा असेल किंवा नसेल. तिसरा श्वास, चौथा. गल्लीत एक गाडी शिरली. अजून पाच वाजले नव्हते. गाडी दुकानापाशी हळू झाली, थांबल्यासारखी झाली, आणि खोलीतल्या सात माणसांपैकी एकानेही मान वर केली नाही. मग ती पुढे गेली. नववा श्वास. शेजारी जाऊबाईंचे दात एकमेकांवर वाजत होते ते धाकटीला ऐकू येत होतं.

पिटूने तिचा हात खाली ओढला. धाकटी वाकली.

"आई," पिटू तिच्या कानात म्हणाली, "सगळे एवढं कुणाचं ऐकतायत?"

धाकटीने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्या तिच्याकडेच बघत होत्या.

"देवाचं," धाकटी म्हणाली. "बोलू नकोस. नीट ऐक."